शाळेचा विद्यापीठाशी करार झालाय, पण वर्गात काहीच बदललं नाही. शिकवणं आणि मूल्यमापन खरंच सुधारायचं तर सुरुवात कुठून करायची?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती बऱ्याच ठिकाणी दिसते. सह्या झाल्या, प्राध्यापक येऊन एक व्याख्यान देऊन गेले, फोटो निघाले, पुढे शांतता. आता दुसरी कार्यशाळा मागू नका. मुलांची उत्तरं टेबलावर ठेवा आणि विद्यापीठाच्या लोकांना शिक्षकांबरोबर पेपर तपासायला बसवा.

एक इयत्ता, एक विषय घ्या. नुकत्याच झालेल्या चाचणीतला ३ गुणांचा एक वर्णनात्मक प्रश्न निवडा. २० मुलांच्या तेवढ्याच उत्तरांच्या झेरॉक्स काढा, नाव आणि आधी दिलेले गुण झाकून. चार शिक्षक आणि विद्यापीठाचे एक-दोघं, प्रत्येकाने न बोलता स्वतंत्रपणे तपासायचं. मग सगळ्यांचे गुण फळ्यावर मांडा. सरासरी काढू नका. जिथे २ किंवा जास्त गुणांचा फरक पडलाय तेवढीच उत्तरं चर्चेला घ्या.

समजा प्रश्न आहे, ‘ओले कपडे उन्हात लवकर का वाळतात?’ आणि मुलाने लिहिलंय, ‘उष्णतेने पाण्याची वाफ लवकर होते.’ एक शिक्षक ३ देईल, दुसरा १. चूक कोणाचीच नाही. उत्तरसूचीत नुसतं ‘योग्य स्पष्टीकरण’ लिहिलेलं असतं, घोळ तिथे आहे. ते फोडून लिहा: उष्णतेमुळे बाष्पीभवन वाढतं, १, कणांना ऊर्जा मिळते, १, जास्त कण पृष्ठभाग सोडून हवेत जातात, १. याच निकषांवर दुसरी १० उत्तरं तपासा. फरक कमी झाला नाही तर निकष अजून मोघम आहेत. प्रत्येक गुणासाठी खऱ्या उत्तराचे दोन नमुने सोबत डकवून ठेवले की पुढच्या वर्षी नवीन येणाऱ्या शिक्षकालाही ते उपयोगी पडतात.

बहुपर्यायी प्रश्नांत विद्यापीठाची मदत जास्त लागते. ०.४५ आणि ०.६ यांत मोठी संख्या कोणती, हा नेहमीचा प्रश्न. ‘४५ हे ६ पेक्षा मोठे’ म्हणणारी मुलं यात सापडतात. पण ‘दशांश चिन्हानंतर अंक कमी, म्हणजे संख्या मोठी’ असं समजणाऱ्या मुलाचं उत्तर इथे बरोबर येतं आणि गैरसमज तसाच राहतो! म्हणून जोडीला ०.७५ आणि ०.६ द्या. आता पहिला गट बरोबर येईल आणि दुसरा अडकेल. चुकीच्या उत्तरामागचा विचार कोणता, हे ओळखून प्रश्न बांधणं संशोधकांना जमतं. तो विचार आपल्या वर्गात कोण करतं, हे शिक्षकाला माहीत असतं. भागीदारीचा खरा उपयोग हाच.

चाचणी झाल्यावर प्रश्नांचं विश्लेषण करा. ६० मुलं असतील तर एकूण गुणांनुसार वरची १६ आणि खालची १६ घ्या (साधारण २७ टक्के). एखादा प्रश्न वरच्यांपैकी १४ आणि खालच्यांपैकी ५ जणांना आला, तर फरक ९ भागिले १६, म्हणजे ०.५६; विषय समजलेली आणि न समजलेली मुलं तो वेगळी दाखवतो, म्हणून प्रश्न चांगला. आकडा उणे आला, म्हणजे खालच्या गटातल्या जास्त मुलांना प्रश्न आला, तर आधी उत्तरसूची तपासा, बहुधा ती चुकलेली असते किंवा दोन पर्याय बरोबर असतात. मात्र वर्गात ३०च मुलं असतील तर गटात ८ जण येतात आणि एका मुलाने आकडा ०.१२५ ने हलतो. तेव्हा तो इशारा समजा, निकाल नव्हे.

वर्गातल्या बदलाबद्दल थोडक्यात. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांचं १९८८चं संशोधन सांगतं, की गुण आणि शेरा एकत्र दिले तर शेऱ्याचा फायदा जवळपास निघून जातो. म्हणून सरावाच्या कामावर फक्त शेरा द्या, आणि तो वाचून सुधारायला तासिकेतच १० मिनिटं द्या. लंडनच्या किंग्ज कॉलेजने १९९९मध्ये सहा शाळांतल्या २४ गणित-विज्ञान शिक्षकांबरोबर सुरू केलेल्या वर्गातल्या मूल्यमापनाच्या प्रकल्पात काय बदलायचं हे शिक्षकांनीच ठरवलं होतं. तयार पाठ वरून आले नव्हते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आता बिघडतं कुठे? सगळ्यात आधी वेळेत. पंधरा दिवसांतून एकदा ९० मिनिटं वेळापत्रकातच राखून ठेवा; शाळा सुटल्यावर ठेवलेली बैठक तिसऱ्या वेळी ओस पडते. दोन्हीकडच्या परीक्षांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच शेजारी शेजारी मांडा, नाहीतर तुम्ही मोकळे तेव्हा ते पेपरांत बुडालेले. करारात संस्थांच्या नावांखाली माणसांची नावं आणि तास लिहा, प्रत्येक बाजूला किमान दोन माणसं. एकाची बदली झाली की काम बंद पडतं, हे ठरलेलं.

माहिती गोळा करून नेणाऱ्यांना स्पष्ट अट घाला: विश्लेषण चार आठवड्यांत शाळेला परत, पालकांची लेखी संमती, मुलांच्या नावांऐवजी क्रमांक. प्रबंध पूर्ण झाल्यावर मिळालेला अहवाल त्या मुलांच्या काही कामाचा नसतो, ती पुढच्या वर्गात गेलेली असतात. आणि मुख्याध्यापकांशी आधीच ठरवा, की या बैठकीतले गुणांमधले फरक किंवा पाठ-निरीक्षणाच्या नोंदी शिक्षकाच्या गोपनीय अहवालात जाणार नाहीत. एकदा गेल्या की पुढच्या बैठकीत सगळ्यांचे गुण संशयास्पदरीत्या जुळायला लागतात.