निळ्याची लाल झाली, पण कशामुळे?

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मासळी शिळी होताना सुटणाऱ्या अमोनिया आणि अमाइनच्या वाफेनं रंग बदलेल अशी कागदी पट्टी करायचं तू ठरवलं आहेस. विषय चांगला आहे. समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं, जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि शिळ्या मासळीचा वास बराचसा त्याचाच असतो. रंग बदलणारा पदार्थ मिळवणं यातलं सोपं काम. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण तो साबणानं झाला, चुन्यानं की धुण्याच्या सोड्यानं, हे डाग सांगत नाही. खरी अडचण तिथंच आहे आणि तुझा बहुतेक वेळ तिथंच जायला हवा.

पॉलिमर म्हणून पॉलिडायअसिटिलीन निवडलंस ते बरोबर. 1969 मध्ये गेरहार्ट वेगनर यांनी दाखवलं की डायअसिटिलीनचे रेणू नीट ओळीत बसले असतील तर नुसत्या प्रकाशानं एकमेकांना जोडले जातात, उत्प्रेरक लागत नाही. शेजारच्या रेणूंत सुमारे 4.9 अँगस्ट्रॉम अंतर आणि रेणूंचा ओळीशी साधारण 45 अंशांचा कल हवा. हे जमलं तर निळा रंग, नाही जमलं तर काहीच नाही. म्हणून पट्टी निळी होत नसेल तर दिवा बदलण्याआधी रेणूंच्या मांडणीवर संशय घे. निळं रूप 640 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, अमोनिया लागल्यावर होणारं लाल रूप 540 च्या आसपास. लाल रूप मंद चमकतंही, निळं जवळपास चमकत नाही. ही चमक मोजून ठेव, रंगाबद्दल शंका आली की दुसरा साक्षीदार हाताशी राहतो.

आता कृती. तुझा मोनोमर, म्हणजे जोडला जाणारा सुटा डायअसिटिलीन रेणू, आहे 10,12-पेंटाकोसाडायिनॉइक आम्ल. त्याचा रेणुभार 374.6, म्हणजे 1 मिलिमोलरच्या 10 मिलिलिटरला 3.75 मिलिग्रॅम लागतं. इतकं थोडं तोलू नकोस, चूक मोठी होते. 37.5 मिलिग्रॅम 10 मिलिलिटर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळव आणि त्यातलं 1 मिलिलिटर घे. बाटलीतली पूड निळसर दिसत असेल तर तिचा काही भाग आधीच पॉलिमर झालेला आहे. तो क्लोरोफॉर्ममध्ये विरघळत नाही, म्हणून 0.45 मायक्रॉनच्या टेफ्लॉन गाळणीतून द्रावण गाळ, सुकव आणि सुकल्यावरच पुन्हा तोल. गाळण्याआधीच्या वजनावर विसंबलीस तर संहती कमी भरेल आणि पुढचे सगळे आकडे तिरके होतील. क्लोरोफॉर्म नायट्राइल हातमोज्यातून झटकन आरपार जातं. काम धूरकपाटातच कर, थेंब पडला तर हातमोजा लगेच बदल.

नायट्रोजनच्या झोतानं कुपीच्या तळाशी पातळ थर सुकवून घे. त्यात 75 ते 80 अंशांचं 10 मिलिलिटर आयनमुक्त पाणी ओत आणि प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी द्रावण घुसळणारी कांडी) 15 मिनिटं चालव. या वेळात पाणी गार होऊ देऊ नकोस. मोनोमर 62 अंशांच्या आसपास वितळतो. त्याखाली आलं की गुठळ्या राहतात. गरम असतानाच 0.8 मायक्रॉनमधून गाळ आणि रात्रभर 4 अंशांवर अंधारात ठेव. रेणू ओळीत बसतात ते या थंडीत. इथं घाई केली तर रंग फिका किंवा जांभळट येतो. सकाळी 254 नॅनोमीटरच्या दिव्याखाली धर, पण किती वेळ ते दुसऱ्याच्या वहीतून घेऊ नकोस. तुझ्या दिव्याला, तुझ्या अंतरावर 30 सेकंद, 1, 2, 5 आणि 10 मिनिटं असे नमुने काढ. 640 चं शिखर चढून थांबतं आणि 540 चं वर यायला लागतं, त्याच्या अलीकडची वेळ तुझी. जास्त प्रकाश दिलास तर अमोनियाविनाच जांभळा रंग येईल. या दिव्यानं डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात, पेटी बंद केल्याशिवाय तो लावूच नकोस.

नळाचं पाणी यात घालू नये. कॅल्शियमनं पुटिका, म्हणजे या रेणूंच्या पाण्यात झालेल्या सूक्ष्म पिशव्या, एकमेकींना चिकटून दूध नासल्यासारख्या गुठळ्या होतात. फॉस्फेट-मिठाचं नेहमीचं बफरही (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) त्रास देतं. बफर हवंच असेल तर सौम्य हेपेस वापर.

छिद्रांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथं बहुतेकांची अपेक्षा चुकते. सच्छिद्र पदार्थ वाफ गोळा करून रंगद्रव्याजवळ आणतो, ही त्याची खरी मदत. पण नेमकं छिद्र निवडलं की फक्त अमोनिया आत येईल आणि पाणी बाहेर राहील, असं होत नाही. अमोनियाच्या रेणूचा व्यास 2.6 अँगस्ट्रॉम आणि पाण्याचा 2.65. चाळणीनं हे दोघे वेगळे होणार नाहीत. निवड करायची तर छिद्राच्या भिंतीच्या रसायनातून: आम्लधर्मी जागा अमोनियाला धरतात, पाणी झिडकारणाऱ्या भिंती आर्द्रतेचा जोर कमी करतात. टिमथी स्वेगर यांच्या गटानं 1998 मध्ये टीएनटी या स्फोटकाच्या वाफेसाठी केलेलं पॉलिमर याच दृष्टीनं अभ्यासून बघ. त्यांनी साखळीला पेंटिप्टिसीनचे अवजड गट जोडले. त्यामुळे साखळ्या एकमेकींवर घट्ट बसत नाहीत, मधे जागा राहते आणि टीएनटी आत शिरून चमक विझवतं. छिद्र पॉलिमरच्या स्वतःच्या आकारातूनच आलं, वेगळा सांगाडा लागला नाही. मला हा विचार फार मोलाचा वाटतो.

सांगाडाच हवा असेल तर एचकेयूएसटी-1 करून बघ, पण अमोनियासाठी नव्हे, शिकण्यासाठी. 1999 मध्ये हाँगकाँगमध्ये तयार झालेला हा तांबं आणि ट्रायमेसिक आम्लाचा जाळीदार पदार्थ पाणी धरलेला असताना फिरोजी असतो आणि निर्वातात तापवून कोरडा केला की गडद निळा-जांभळा होतो. छिद्रं रिकामी झाली की नाही हे डोळ्यांनाच दिसतं. डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) या द्रावकात केला असेल तर तीन दिवस मिथेनॉल बदलत राहा, मग निर्वातात 150 अंश. पृष्ठफळ ग्रॅमला 1500 चौरस मीटरच्या वर यायला हवं. 600 आलं तर आत द्रावक किंवा उरलेलं आम्ल अडकलं आहे असं समज. दमट अमोनियात मात्र त्याची चौकट ढासळते, म्हणून मासळीच्या पट्टीत त्याला जागा नाही.

पहिल्या पट्टीला साधा गाळण कागद पुरतो. त्याची छिद्रं सुमारे 11 मायक्रॉनची, पुटिका सहज शिरतात. मोठा थेंब टाकलास तर रंग कडेला गोळा होऊन कडं दिसतं, म्हणून 2 मायक्रोलिटरचे थेंब दे, दर वेळी सुकवून. कागद आधी काप, रंग नंतर चढव: हा पॉलिमर दाब-घर्षणानंही लाल होतो आणि कात्रीच्या कडेला खोटा निकाल दिसतो. गरम लॅमिनेशनही नको.

आता बरणीची चाचणी, सगळ्यात जास्त फसवणारी. 1 लिटरच्या बरणीत 100 पीपीएम (दहा लाखांत 100 भाग) अमोनिया म्हणजे 0.1 मिलिलिटर वायू, 25 अंशांवर सुमारे 4 मायक्रोमोल. 25 टक्क्यांचं अमोनिया द्रावण साधारण 13.4 मोलर असतं. ते शंभरपट पातळ करून 30 मायक्रोलिटर टाकलं की हिशेब जुळतो. पण उघडलेल्या बाटलीचा जोर दर आठवड्याला उतरतो, तेव्हा पातळ द्रावण त्याच दिवशी हायड्रोक्लोरिक आम्लानं टायट्रेट करून त्याचा खरा जोर मोज. शिवाय थोडा अमोनिया थेंबात, काचेवर आणि कागदात राहतो. म्हणून 100 ही वरची मर्यादा धर, मोजलेली संहती म्हणून लिहू नकोस. दुसरी गोष्ट लोक विसरतात. 25 अंशांच्या 1 लिटर हवेत फक्त 23 मिलिग्रॅम पाण्याची वाफ मावते आणि तुझ्या थेंबात पाणी आहे 30 मिलिग्रॅम. म्हणजे अमोनियाबरोबर तू बरणी पूर्ण दमट केलीस. तुलनेच्या बरणीत नुसत्या पाण्याचे 30 मायक्रोलिटर टाकलेच पाहिजेत. कोरडी बरणी समोर ठेवून काढलेला आलेख आर्द्रतेचाही असू शकतो, आणि बर्फातल्या मासळीभोवती हवा दमटच असते.

याच पद्धतीनं इथेनॉल, असेटिक आम्ल आणि 60 अंशांची उष्णता यांच्यासमोर पट्टी ठेव. इथेनॉलनं ती लाल होईल. हाताला सॅनिटायझर लावून पट्टी उचललीस तरी होईल. शेजारी ब्रोमोक्रिसॉल ग्रीन या आम्ल-अल्कली दर्शक रंगाची स्वस्त पट्टीही ठेव. कमी अमोनियाला ती बहुधा तुझ्या पट्टीआधी बदलेल, कारण तुझ्या पॉलिमरच्या टोकाच्या आम्लगटातला प्रोटॉन सुटायला बरीच अल्कली लागते. ते प्रबंधात स्पष्ट लिही आणि मग पॉलिमरच्या टोकाला काय जोडलं तर फरक पडेल याचा शोध घे. नवा पदार्थ तिथून निघेल.

रंग फोननं मोजायचा मोह टाळ, तो पांढऱ्याचा तोल स्वतःच बदलतो. कार्यालयातला सपाट स्कॅनर बरा: झाकण बंद, प्रकाश तोच, कडेला पांढरी टाइल. पट्टी परत निळी होत नाही, त्यामुळे ती आत्ताची संहती सांगत नाही, तोवर साठलेला एकूण मारा सांगते. अहवालात ‘तत्काळ मापन’ हा शब्द येऊ देऊ नकोस.

शोधमर्यादा, म्हणजे पट्टीला ओळखता येणारी सगळ्यात कमी संहती, काढताना कोऱ्या (अमोनिया न लागलेल्या) पट्ट्यांच्या विचलनाची तिप्पट भागिले आलेखाचा उतार, हे तुला माहीत आहे. कोऱ्या पट्ट्या निदान दहा घे आणि त्या तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या घाण्यांतून केलेल्या असू देत. एकाच घाण्यातल्या दहा पट्ट्यांचं विचलन नेहमीच खोटं लहान येतं. त्या दहांचे आकडे हाती आले की मला पाठव. अमोनियाचे नंतर पाहू.

तुझा हितचिंतक