विमानाच्या तिकिटाची तारीख बदलायला एवढे पैसे का लागतात? त्यापेक्षा रद्द करून नवं काढलेलं बरं का?

बरं की वाईट हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. कस्टमर केअरवाले तर ते मांडून दाखवणार नाहीतच. आमचे सांगतो.

बायकोच्या भाच्याची मुंज नागपूरला होती. पुण्याहून आम्ही चौघं आणि साडूंचं कुटुंब. तिकिटं साडूंनी काढली, सगळ्यांची एकदम, एका पोर्टलवरून, कारण तिथे कसलासा कॅशबॅक होता. मुंज छान झाली आणि निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. बायको थांबणार हे उघडच होतं. मुलांची शाळा होती, म्हणून त्यांना घेऊन मी परतणार. म्हणजे बदलायचं होतं एकच तिकीट.

पण सगळी मंडळी एकाच पीएनआरवर! ॲपमध्ये तारीख बदलायला गेलं की सगळ्यांचीच बदलत होती. हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून फोन लावला, तर पोर्टल म्हणे एअरलाइनला विचारा आणि एअरलाइन म्हणे तिकीट जिथून काढलं तिथे विचारा. शेवटी एका मुलीने पीएनआर वेगळा करून दिला आणि मग आकडा सांगितला.

तिकीट होतं ४४०० चं. त्यात बेसिक भाडं ३५००, बाकीचे ९०० विमानतळाची युजर फी, सिक्युरिटी फी आणि जीएसटी. तारीख बदलायचा दंड ३०००, भाड्यातला फरक १५००, वर पोर्टलची स्वतःची फी ३००. एकूण ४८००, तेही आधी भरलेले ४४०० धरून ठेवून! दुसऱ्या कंपनीचं त्याच दिवसाचं कोरं तिकीट ५१०० ला मिळत होतं. रद्द केलं तर बेसिक भाडं बुडणार होतं, पण ९०० परत येतात, त्यातून पोर्टलचे ३०० गेले तरी ६००. म्हणजे नवं तिकीट ४५०० ला पडलं. बदलण्यापेक्षा ३०० नी स्वस्त. मी रद्द केलं.

गंमत पुढे आहे. पोर्टलवर रिफंडच्या जागी शून्य दिसत होतं. साडू म्हणाले, “सोड रे, नॉन-रिफंडेबल आहे.” हेच मला पटत नाही. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेचा नियम स्पष्ट आहे: बेसिक भाडं परत मिळणारं नसलं तरी सरकारी कर आणि विमानतळाच्या फिया प्रवाशाला परत द्याव्याच लागतात. प्रवासी आलाच नाही तरी, सेलमधलं तिकीट असलं तरी. रद्द करायचा दंड बेसिक भाडं अधिक फ्युएल सरचार्ज यापेक्षा जास्त लावता येत नाही. आणि तिकीट एजंटकडून काढलेलं असलं तरी पैसे परत करण्याची जबाबदारी एअरलाइनची. एवढं लिहून एअरलाइनला ईमेल टाकला, एअरसेवा या सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे आले. साडूंना स्क्रीनशॉट पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला.

साडूंचा सिद्धांत असा की विमानाचं तिकीट सिनेमाच्या तिकिटासारखं असतं, शो चुकला की पैसे गेले, रडायचं नाही. अहो, पण थिएटरवाला शो परस्पर हलवत नाही. याच प्रवासात जातानाचं आमचं विमान कंपनीने एका एसएमएसवर दुपारवरून रात्रीवर नेलं होतं. मुंजीच्या आदल्या संध्याकाळचं केळवण बुडालं, त्याचा दंड कुणी भरला? त्यांनी वेळ बदलली की ‘ऑपरेशनल कारण’, आपण बदलली की ३०००.

तुम्ही ‘का’ विचारलंय. तारीख बदलायला कंपनीला खर्च येतो म्हणून हा दंड नसतो, संगणकावर दोन बटणं दाबायची असतात. ऐनवेळी तिकीट काढणारा, ऑफिसच्या पैशावर फिरणारा प्रवासी स्वस्त तिकिटात घुसू नये म्हणून हे कुंपण आहे. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने बरंच आधी काढायची आणि रद्द केल्यास दंड लागणारी स्वस्त तिकिटं मोठ्या प्रमाणावर आणली, तेव्हापासून ही रीत जगभर पसरली. आपल्याकडे भाडं ठरवायची मोकळीक कंपन्यांना आहेच. पण हे कुंपण काढलं की धंदा बुडतो, हे साडूंचं दुसरं लाडकं वाक्य मला मान्य नाही. ऑगस्ट २०२० मध्ये युनायटेड, डेल्टा आणि अमेरिकन या अमेरिकेतल्या तिन्ही विमान कंपन्यांनी त्यांच्या देशांतर्गत प्रवासाच्या बहुतेक तिकिटांवरचा बदलाचा दंड काढून टाकला. भाड्यातला फरक तेवढा घेतात. त्यांची विमानं अजून उडताहेत. आपली रेल्वेसुद्धा कन्फर्म तिकीट २४ तास आधी अर्ज केला तर आईवडील, भावंडं, नवराबायको, मुलं यांच्या नावावर करून देते. विमानाचं तिकीट सख्ख्या बहिणीलाही देता येत नाही, मग जागा रिकामी गेली तरी चालते.

तेव्हा तिकीट थेट एअरलाइनच्या साइटवरून काढा, आणि ज्यांचं परतणं नक्की नाही त्यांचं वेगळ्या पीएनआरवर. कॅशबॅकवाल्या नातेवाइकाला नम्रपणे नाही म्हणा.

हे सगळं देशांतर्गत स्वस्त तिकिटांचं. फ्लेक्सी भाड्यात, म्हणजे बदलाची सोय असलेल्या महागड्या तिकिटात, दंड कमी असतो किंवा नसतोच, आणि परदेशी कंपन्यांचे नियम त्यांच्या देशाप्रमाणे. तिकीट काढल्यावर थोडा काळ दंडाशिवाय बदल करता येतो, पण प्रवास अगदी जवळ आलेला असेल तर नाही, आणि भाड्यातला फरक तेव्हाही द्यावाच लागतो. तुम्ही तिकीट कधी आणि कुठून काढलंय हे प्रश्नात नाही. पोर्टलवरून असेल तर बेसिक भाडं आणि कर वेगळे दाखवणारी पावती आधी डाउनलोड करून ठेवा, रद्द केल्यावर ती शोधत बसावं लागतं.