वाचक विचारतात : गुन्ह्यांचा अभ्यास म्हणजे पोलिसांचंच काम ना?

प्रश्न : ताई, मी समाजशास्त्रात एमए करतेय. क्लासमध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन यांचं नाव आलं, गुन्हे आणि वस्ती ह्या एकाच विषयात त्यांनी सगळं आयुष्य घातलं असं सर म्हणाले. मलाही तेच करावंसं वाटतंय, पण घरी म्हणतात हे पोलिसांचं काम, तू कुठे गुन्हेगारांच्यात फिरणार. खरंच तसं फिरावं लागतं का? आणि एकाच विषयावर अख्खं करिअर होतं का?

उत्तर : घरच्यांना आधी हे सांग की सॅम्पसनचं सगळ्यात गाजलेलं काम गुन्हेगारांशी नाही, साध्या शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलून झालंय. 1995 मध्ये शिकागोत 8,782 लोकांना घरी जाऊन विचारलं, की शाळा बुडवून पोरं कोपऱ्यावर उभी असतील, कुणी भिंतीवर रंग फवारत असेल, घरासमोर मारामारी चालली असेल तर तुमचे शेजारी मध्ये पडतील का? बस, असले प्रश्न. आणि 343 वस्त्यांचा हिशेब लावल्यावर दिसलं की जिथे लोकांचा एकमेकांवर भरवसा आहे आणि कुणीतरी पुढे होईल असं वाटतं तिथे हिंसा कमी, गरिबी वगैरे सगळं धरूनसुद्धा. ह्याला त्यांनी 'कलेक्टिव्ह एफिकसी' नाव दिलं, म्हणजे वस्तीने मिळून काही करू शकण्याची ताकद.

त्याच प्रोजेक्टमधली मला भारी आवडणारी गोष्ट म्हणजे ती गाडी. दोन्ही बाजूंना व्हिडिओ कॅमेरे लावून गाडी माणसाच्या चालीने गल्लीगल्लीतून फिरवली, रस्त्याच्या 23 हजारांवर बाजू टिपल्या, कचरा, बाटल्या, भिंतीवरची चित्रं सगळं मोजलं. फुटकी काच तशीच राहिली की गुन्हे वाढतात हे तेव्हा सगळे धरून चालले होते ना, तर ह्यांच्या आकडेवारीत तो संबंध फारच लेचापेचा निघाला. कचरा आणि गुन्हे दोन्ही बऱ्याच अंशी एकाच मुळातून येतात असं त्यांचं म्हणणं.

नोकरीचा प्रवास तसा सरळ आहे. 1983 मध्ये ऑल्बनी विद्यापीठातून पीएचडी, मग इलिनॉय विद्यापीठ, 1991 पासून शिकागो विद्यापीठ, 2003 पासून हार्वर्ड. खरी मजा मधल्या एका प्रकरणात आहे. ग्लूक ह्या संशोधक नवराबायकोने 1940च्या आसपास बॉस्टनमधली 500 वाया गेलेली आणि 500 सरळ मुलं घेऊन अभ्यास सुरू केला होता, त्या फायली हार्वर्डच्या लॉ लायब्ररीच्या तळघरात खोक्यांमध्ये धूळ खात पडलेल्या. 1980च्या दशकात जॉन लॉब आणि सॅम्पसन यांनी ती खोकी उघडली, सगळं कॉम्प्युटरवर चढवलं, आणि पुढे लॉबने त्यातल्या 52 जणांना शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या, तोवर ते सत्तरीच्या आसपासचे म्हातारे झाले होते! लहानपणी बिघडलेला माणूस जन्मभर तसाच राहतो असं नाही, लग्न, टिकणारी नोकरी, सैन्य अशा गोष्टींनी वाट बदलते, हे त्यातून पुढे आलं. ह्याच कामासाठी दोघांना 2011 मध्ये गुन्हेशास्त्रातलं स्टॉकहोम पारितोषिक मिळालं.

तर बघ, विषय एकच पण त्याला दोन तोंडं, वस्ती आणि माणसाचं आयुष्य, आणि दोन्हींत वर्षानुवर्षं तोच डेटा उकरत बसायचं. तुरुंगात जाऊन मुलाखती घेणारेही आहेत, त्याला परवानग्या आणि नीतिमत्तेच्या कमिटीचे सोपस्कार लागतात, पण तो एकच रस्ता नाही.

एक मात्र आहे, आकडेमोडीची भीती असेल तर ती आत्ताच घालव. शिकागोच्या त्या शेजाऱ्यांच्या पाहणीवर 1997 मध्ये जो पेपर आला त्याचा एक लेखक स्टीफन रॉडेनबुश, घर आणि वस्ती असे दोन थर एकत्र मोजायच्या संख्याशास्त्रातला माणूस. तो पेपर 'सायन्स'मध्ये आलाय, जेमतेम सात पानांचा आहे. लायब्ररीतून मिळव, तक्ते सोडू नकोस, अडलं तर परत लिही.