परवडणाऱ्या घरांच्या कामात वकिलाला रजिस्ट्रीपलीकडे काही काम असतं का? नाशिकमध्ये यात पडावं का?

तुम्ही लिहिलंय की एलएलबीचं शेवटचं वर्ष आहे, नाशिकलाच प्रॅक्टिस करायची आहे आणि तुमचे काका म्हणतात, "वन आरकेच्या कागदांना वकील लागत नाही, एजंट पुरतो." हेच वाक्य मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या सीनियरांच्या तोंडून ऐकलंय, तेही बार रूममध्ये चारचौघांत. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

अंबडच्या बाजूला एक सोसायटी आहे. तीन मजले, सगळे वन आरके आणि छोटे वन बीएचके, राहणारे बहुतेक एमआयडीसीतले कामगार. सोसायटी रजिस्टर होऊन जमाना झाला, पण जमीन बिल्डरच्याच नावावर. मोफा, म्हणजे फ्लॅट मालकीच्या महाराष्ट्राच्या कायद्याच्या नियमांप्रमाणे सोसायटी झाल्यावर चार महिन्यांत कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर, करून द्यायला हवा होता. बिल्डर वारला, आणि आता त्याची मुलं म्हणायला लागली की उरलेला एफएसआय (बांधकामाचा हक्क) आमचा, गच्चीवर मजला चढवणार. लोक हादरले आणि माझ्याकडे आले. मोफाच्या कलम ११ खाली डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने कन्व्हेयन्स मिळवायचा अर्ज टाकायचं ठरलं.

त्या अर्जाचा फॉर्म, नमुना सात, भरायला अक्कल लागत नाही. खरं काम म्हणजे प्रत्येक फ्लॅटचा नोंदवलेला करारनामा आणि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) गोळा करणं. गच्चीवर मीटिंग घेतली तेव्हा तळमजल्यावरच्या एक मावशी पुढे आल्या. नवरा वारलेला, स्वतः एका कारखान्यात बफिंगच्या, म्हणजे धातू घासून चकाकवण्याच्या कामाला. पिशवीतून त्यांनी घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं आणि शंभराच्या स्टॅम्पवरचं नोटरी केलेलं साठेखत (विक्रीचा करार, खरेदीखत नव्हे) काढलं, २००४ सालचं. मूळ फ्लॅटधारकाला पैसे पूर्ण दिलेले, पावत्या साठेखताच्याच मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेल्या, प्रत्येकीवर त्याची सही. व्यवहार एजंटनेच जमवला होता. "रजिस्ट्री नंतर करू, आत्ता खर्च कशाला," असं तोच म्हणाला होता.

"मॅडम, घरपट्टी इतकी वर्षं आम्हीच भरतोय. मग घर दुसऱ्याचं कसं?"

घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे तुम्हाला सांगायला नको. पण मावशींची बाजू त्याहून लंगडी होती. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ चा, म्हणजे करारावर ताबा घेतलेल्याला मिळणाऱ्या संरक्षणाचा आधार घ्यावा, तर २००१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी करार नोंदवलेला लागतो. तो कागद नेऊन नोंदवावा, तर नोंदणीची मुदत चार महिने, दंड भरून आणखी चार. करारपूर्तीचा दावा लावावा, तर मुदत तीन वर्षं. साठेखतात तारीख ठरलेली नव्हती हे नशीब, कारण मग ती तीन वर्षं समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून मोजतात. नकार आला की घड्याळ सुरू, म्हणून सोसायटीच्या चेअरमनना पहिली ताकीद दिली की त्या मूळ फ्लॅटधारकाशी फोनवर वाद घालायचा नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर काहीच लिहायचं नाही.

इतर सभासदांचं म्हणणं, त्यांचं नंतर बघू, आपला अर्ज टाका. कायद्याने ते बरोबरच होतं. मूळ धारकाचा करारनामा नोंदवलेला होता, त्याच्या नावाने यादी पुरी होत होती. पण उद्या इमारत रीडेव्हलपमेंटला गेली की नवा फ्लॅट त्याला, आणि मावशी रस्त्यावर. मी अर्ज थांबवला नाही, पण मावशींचं काम त्याच्यासोबतच चालवायचं हे कमिटीकडून कबूल करून घेतलं.

तो मूळ फ्लॅटधारक दिंडोरीकडे राहायला गेलेला. आधी म्हणाला, "भाव कुठे गेलाय बघा." चेअरमन त्याचे जुने कारखान्यातले सोबती, त्यांनी समजूत काढली. शेवटी जाण्यायेण्याचा खर्च आणि वर थोडी रक्कम यावर तो तयार झाला. ती रक्कम देणं अन्याय होता का? होता. पण तत्त्वासाठी दिवाणी दावा लढवला असता तर मावशींची निवृत्ती झाली तरी साक्षीपुरावा सुरू झाला नसता. मावशींच्या दोन्ही मुलांना संमती देणार (आमची हरकत नाही असं लिहून देणारे) म्हणून घेतलं आणि खरेदीखत नवं केलं, मुद्रांक आजच्या बाजारमूल्यावर. दुय्यम निबंधकाकडे मावशींचा अंगठा मशीन घेईना. बफिंगने रेषाच झिजलेल्या. ऑपरेटरने ओल्या फडक्याने बोटं पुसून एकेक लावून पाहिलं, तेव्हा कुठे करंगळीजवळचं बोट लागलं.

डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज ऐकणाऱ्या डीडीआरसमोर (जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था) बिल्डरच्या मुलांनी भोगवटा दाखल्यापासून (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) एफएसआयपर्यंत सगळं काढलं. मालकीचे वाद तिथे सुटत नाहीत, त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे, हे तिथल्या रोजच्या वकिलाला तोंडपाठ असतं. आदेश आमच्या बाजूने झाला.

हे ऐकून सीनियर म्हणाले, "म्हणजे शेवटी झेरॉक्सचीच वकिली की!" त्यांचा हिशोब असा की कोटीच्या बंगल्याला तीस वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) आणि दहा लाखांच्या फ्लॅटला बँकेचा सर्च पुरे. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. बंगलेवाला कागद चुकला तर दुसरा वकील करतो आणि दुसऱ्या घरात राहून भांडतो. दहा लाखवाल्याकडे दुसरं घर नसतं. आणि बँकेचा सर्च बँकेच्या कर्जापुरता असतो. खुद्द या सीनियरांचा फ्लॅट गंगापूर रोडला आहे, अपार्टमेंट कायद्यातला, जिथे सोसायटीऐवजी प्रत्येकाच्या नावे वेगळं खत होतं. ते खत, डीड ऑफ अपार्टमेंट, झालंय का म्हणून विचारलं, तर 'करू' म्हणाले. नाशिकमध्ये सोसायटीपेक्षा अपार्टमेंटचं वेड जास्त, त्यामुळे बिल्डरने इमारतीसाठी नोंदवलेल्या घोषणापत्रात गच्ची आणि पार्किंग कुणाच्या नावे लिहिलंय हे वाचायला शिका. खरेदीदार ते वाचत नाहीत.

बाकीची कामं थोडक्यात. घरकुल किंवा म्हाडाचं घर विक्रीबंदीची मुदत संपण्याआधी कुलमुखत्यारपत्रावर घेतलेले लोक येतील. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय, त्यामुळे त्यांना बहुतेकदा वाईट बातमीच द्यावी लागते. गुंठेवारीची, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेले छोटे भूखंड नियमित करण्याची भरपूर प्रकरणं आहेत, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली. चार हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवर २० टक्के घरं अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची असतात. तिथे बिल्डरच्या बाजूनेही काम आहे, आणि भूखंड ३९०० चा कसा दाखवता येईल हे विचारायला येणारेही आहेत. त्यांना मी दाराबाहेरची चप्पल दाखवते.

आता थोडी सारवासारव. माझे काही पक्षकार बिल्डरच आहेत आणि त्यातले दोघे कन्व्हेयन्स वेळेत करून देतात. सगळे एजंटही चोर नसतात. रेराखालच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा नवा केंद्रीय कायदा) नव्या प्रकल्पांत अशी लफडी कमी होतील, कारण तिथे भोगवटा दाखल्यानंतरच्या कन्व्हेयन्सची मुदत कायद्यातच आहे. आणि प्रत्येक मावशीला दिंडोरीचा माणूस सही देतोच असं नाही. दोन प्रकरणं माझ्याकडे अशीच पडून आहेत, समोरचा परागंदा.

पैशाचं विचारलंत. पहिली काही वर्षं घर चालणार नाही, घरच्यांचा आधार असेल तरच पडा. सोसायटीची फी वर्गणीतून येते, म्हणजे उशिरा येते, आणि त्यातले चार जण देतच नाहीत. करारात टप्पे लिहून घ्या, अर्ज दाखल करताना अर्धी. मावशींसारख्यांकडून किती घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा, पण फुकट करू नका. फुकटचा कागद लोक सांभाळत नाहीत, सहा महिन्यांनी परत झेरॉक्स मागायला येतात.