चार-पाच वर्षांच्या मुलांना दर आठवड्याला रानात नेऊन नेमकं शिकवायचं काय?

तुम्ही लिहिलंय, दहा-बारा मुलांना जवळच्या झाडीत न्यायचं ठरलंय, पण तिथे शिकवायचं काय आणि अक्षरं-आकडे मागे पडतील का, ही धास्ती आहे. मी चार वर्षं असा गट सांभाळला. माझं म्हणणं एवढंच, की धडा ठरवून जाऊ नका, पण जागा बदलू नका.

पहिल्या दिवशी मी पानांच्या आकारांचे छापील कागद घेऊन गेले होते. पाच मिनिटांत सगळी पोरं एका पडलेल्या ओंडक्याची साल उचकटायला बसली. कागद पिशवीतच राहिले. पुढे कित्येक आठवडे आम्ही त्याच ओंडक्यापाशी जात होतो. ‘इथली पांढरी बुरशी कुठे गेली?’ हा प्रश्न दर वेळी नवी जागा दाखवली असती, तर पडलाच नसता.

आकड्यांचं म्हणाल, तर आमचा एक नियम होता. आपल्या हाताएवढी काटकी एकट्याने न्यायची, त्याहून लांब असेल तर दुसरं टोक धरायला जोडीदार शोधायचा. मग काटकी खांद्यापासून बोटांपर्यंत लावून बघणं आलं, भांडण आलं, ‘तुझा हात मोठा म्हणून’ ही तक्रारही आली. मोजमाप याहून चांगलं मला वर्गात शिकवता आलेलं नाही.

हे नवीन खूळ नाही. डेन्मार्कमध्ये १९५०च्या दशकापासून अशा बालवाड्या आहेत. जर्मनीत फ्लेन्सबुर्गच्या जंगल-बालवाडीला १९९३ साली सरकारी मान्यता मिळाली. तिथली मुलं पावसातही बाहेर असतात, पण वादळी वाऱ्यात झाडांखाली नेत नाहीत. तुम्हीही तेच पाळा. मुलं पोचण्याआधी एकदा मान वर करून वाळक्या, लोंबकळणाऱ्या फांद्या बघून घ्या. सुरुवातीला मी फक्त पायाखालचे काटे बघायचे!

मुलं पुढे पळणारच. ठरावीक झाडापाशी थांबायचं, सगळे आल्यावरच पुढे, एवढं पक्कं करा आणि दर थांब्यावर डोकी मोजा. तोंडात काही घालायचं नाही. परतल्यावर गोचीड चिकटलीय का ते गुडघ्यामागे, कानामागे तपासा.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या तासाभराच्याच ठेवा. आणि पालकांना आधीच सांगा, जुने कपडे घाला, मोज्यांचा जादा जोड द्या. आमच्याकडे सर्वांत मोठी तक्रार चिखलाचीच आली होती, अभ्यासाची एकही नाही.