चोरबाजारात मिळालेल्या जुगाराच्या जुन्या चिपचा इतिहास कसा शोधायचा?

मटण स्ट्रीटवरचा विक्रेता 'मुंबईच्या जुन्या कॅसिनोची' म्हणाला असेल, तर ते तिथेच सोडून द्या. महाराष्ट्राने कॅसिनोचा कायदा १९७६ साली केला, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे चिप परदेशातली, गोव्याची किंवा एखाद्या क्लबच्या पत्त्यांच्या टेबलावरची.

आधी भिंग घ्या. नावापेक्षा कडेचा ठसा महत्त्वाचा: कडेभोवती दाबून उठवलेली टोपी-काठी, मुकुट अशी चिन्हं उत्पादकाचा माग देतात. कॅसिनोचं नाव असेल तर काम सोपं. लास व्हेगासचं सँड्स १९५२ ते १९९६ चाललं, म्हणजे काळाची चौकट आयती मिळाली. नुसती आद्याक्षरं असतील तर बहुधा खासगी किंवा बेकायदा अड्डा; तिथे उत्पादकांच्या जुन्या ऑर्डर-नोंदीच कामी येतात. लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुगाराच्या इतिहासाचा मोठा संग्रह आहे, त्यांना फोटोसकट ईमेल करा.

शिंपल्याची, कोरीव नक्षीची असेल तर मात्र ती कॅसिनोची नव्हे, चीनमधल्या कँटनमध्ये बनलेली जुनी सोंगटी असू शकते. (माझ्या मते तीच जास्त देखणी!) हस्तिदंती वाटली तर घेऊच नका, व्यापाराला बंदी आहे.