एमजीबीला कोणतं ऑइल घालू?
एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतलीस, अभिनंदन! पण लगेच महागडं, पातळ सिंथेटिक ५डब्ल्यू-३० ऑइल आणायला धावू नकोस. हे १८०० सीसीचं इंजिन १९६२ सालचं. त्याला जाडसर २०डब्ल्यू-५० मिनरल (साधं खनिज) ऑइलच मानवतं. (आपल्या जुन्या अँबॅसिडरचं १४८९ सीसी इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं, त्यामुळे वयस्कर मेस्त्रींना ते नवखं नाही.)

खरी गोम झिंकची. यात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा लोब (उंचवटा) त्याखालच्या धातूच्या सपाट टॅपेटवर घासत फिरतो, मधे रोलर नाही. मधे झेडडीडीपीचा (ऑइलमधलं झिंक आणि फॉस्फरस असलेलं झीजरोधक रसायन) थर नसला की दोन्ही झिजतात. माझे टॅपेट काढले तेव्हा त्यातल्या दोन टॅपेटच्या तळाला नख अडकेल एवढे खड्डे होते. आधीच्या मालकाने काय ओतलं होतं देव जाणे. झेडडीडीपीतल्या फॉस्फरसने नव्या गाड्यांतला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून आजच्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर आणलाय. तुला ०.१ ते ०.१२ हवा. डब्यावर सहसा हा आकडा नसतो, कंपनीची डेटाशीट बघ. वरून झिंकची बाटली मात्र ओतू नकोस, जास्त झालं तरी वाईटच.

गाडी फिरो न फिरो, वर्षातून एकदा ऑइल बदल. गरम इंजिनावर, चालत्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा ५० पीएसआयच्या खाली जायला लागला तर आधी मेस्त्रीला गाठ.